बालहक्क आयुक्त नेमायचा, तर कायद्यात काय हवे

मुलांना मताधिकार नसतो, वकील लावायला पैसे नसतात, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तोच बरेचदा त्यांचा पालक, शिक्षक नाहीतर बालगृहाचा अधीक्षक असतो. म्हणून मुलांची बाजू मांडणारे, पण सरकारच्या हाताखाली नसलेले पद लागते. नॉर्वेने १९८१ मध्ये असे पद जगात पहिल्यांदा कायद्याने निर्माण केले, न्यूझीलंडने १९८९ मध्ये, वेल्सने २००१ मध्ये. कुठे त्याला बाललोकपाल म्हणतात, कुठे आयुक्त. नावावर बैठका घालवू नका. पद स्वतंत्र राहणार की शोभेचे होणार, हे कायद्यातली चार-पाच कलमे ठरवतात.

मसुद्याला हात घालण्याआधी एक तक्ता करा. मुलांच्या तक्रारी आज कुणाकुणाकडे जाऊ शकतात, ते सगळे एका रकान्यात लिहा: न्यायालय, पोलीस, बालकल्याण यंत्रणा, मानवी हक्क आयोग, शिक्षण खाते. पुढच्या रकान्यांत प्रत्येकासमोर लिहा: मूल स्वतः तक्रार करू शकते का, संस्थेत जाऊन पाहणी करता येते का, खात्याला जाब विचारता येतो का. बहुतेकदा असे दिसते, की कागदावर दारे पुष्कळ आहेत, पण मूल एकटे पोहोचेल असे दार नाही. आणि नवा कायदा किंवा अर्थसंकल्प मुलांच्या वाट्याला काय आणतो, हे पाहणारे कुणीच नाही. पदाचे काम या रिकाम्या जागांवरून ठरवा.

स्वतंत्र कार्यालय की मानवी हक्क आयोगातच एक आयुक्त? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००२ मध्ये दोन्ही रचना चालतील असे म्हटले. साधने तुटपुंजी असतील तर व्यापक आयोगात मुलांसाठी ठरावीक आयुक्त किंवा विभाग असावा, एवढी अट घातली. आयोगात ठेवायचे झाले तर त्याचा खर्चाचा शीर्ष वेगळा ठेवा. नाहीतर पहिल्या काटकसरीत तोच विभाग आटतो.

पद शासकीय आदेशाने निर्माण करू नका. आदेशाने आलेले पद आदेशानेच जाते. राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांसाठीच्या १९९३ च्या पॅरिस तत्त्वांनीही संविधानाचा किंवा कायद्याचा आधार मागितला आहे.

आता मुख्य कलमे.

नेमणूक. जाहिरात उघड असावी, निवड समितीत विरोधी पक्ष आणि बालक्षेत्रातले लोक असावेत, अंतिम शिक्कामोर्तब संसदेने करावे. वेल्स आणि आयर्लंडमध्ये पहिल्या आयुक्तांच्या निवडीत मुलांचा सहभाग होता. ही गोष्ट फोटोपुरती होऊ द्यायची नसेल, तर मुलांचे पॅनेल उमेदवारांना स्वतंत्र भेटावे, प्रश्न त्यांचेच असावेत, आणि त्यांचे गुण मोठ्यांची चर्चा सुरू होण्याआधी सीलबंद व्हावेत. चर्चा ऐकल्यावर मुले गुण बदलतात, हा ठरलेला घोळ.

मुदत. एकच, पुनर्नियुक्ती नसलेली आणि लांब. इंग्लंडमध्ये ६ वर्षे, वेल्समध्ये ७. तीन वर्षे आणि मग ‘पुन्हा पाहू’ अशी मुदत ठेवली, की शेवटच्या वर्षातले अहवाल आपोआप गुळमुळीत होतात. पदावरून काढण्याची कारणे कायद्यात मोजून लिहा (असमर्थता, गैरवर्तन, गुन्हा), आयुक्ताला बाजू मांडू द्या आणि निर्णय संसदेच्या विशेष बहुमताकडे ठेवा. ‘सरकारच्या मर्जीपर्यंत’ हे दोन शब्द मसुद्यात कुठेही शिरले, तर बाकीची कलमे व्यर्थ.

पैसा आणि माणसे. अर्थसंकल्पाची मागणी आयुक्ताने थेट संसदेच्या समितीपुढे ठेवावी; ज्या खात्याची चौकशी करायची त्याच खात्याच्या अनुदानातून पगार निघू नयेत. कर्मचारी भरतीही स्वतःची हवी. सगळे प्रतिनियुक्तीवर आलेले असतील, तर दोन वर्षांनी ज्या साहेबाच्या हाताखाली परत जायचे, त्याच्याविरुद्ध कडक टिपण कुणी लिहीत नाही. इथे दोष माणसांचा नाही, रचनेचा आहे.

अधिकार. निदान एवढे हवेत: स्वतःहून चौकशी सुरू करणे, कागदपत्रे मागवणे, साक्षीदार बोलावणे, न्यायालयात हस्तक्षेप करणे, आणि मुले राहतात त्या संस्थेत न कळवता जाऊन त्यांच्याशी एकट्याने बोलणे. भारताच्या २००५ च्या कायद्याने बालहक्क आयोगांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर खाती ‘फाइल सापडत नाही’ यावर वर्ष काढतात. शिफारशी बंधनकारक करण्याचा हट्ट धरू नका. आयुक्त न्यायाधीश झाला की प्रत्येक शिफारस अपिलात अडकते. त्यापेक्षा उत्तर देणे बंधनकारक करा: शिफारस मिळाल्यापासून ६० दिवसांत, लेखी, काय करणार किंवा का करणार नाही ते. उत्तर आले नाही, तर तेही अहवालात छापायचे.

अपवादांच्या कलमावर डोळ्यात तेल घालून बसा. मसुदा खात्यांकडे फिरून आला, की तुरुंग, पोलीस, निर्वासितांची केंद्रे हळूच वगळलेली सापडतात. आयर्लंडच्या २००२ च्या कायद्यात तुरुंग वगळला होता, त्यामुळे सेंट पॅट्रिक्स इन्स्टिट्यूशन या तुरुंगात ठेवलेल्या अल्पवयीन मुलांची तक्रार बाललोकपालांना घेताच येत नव्हती. ती वाट २०१२ मध्ये खुली झाली. वयाचेही तसेच. १८ वर्षांची रेषा सगळ्यांसाठी ठीक, पण बालगृहातून बाहेर पडलेल्यांना अठराव्या वाढदिवशी वाऱ्यावर सोडू नका. इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी आयुक्ताचे कार्यक्षेत्र २५ वर्षांपर्यंत आहे.

कायदा झाला, तरी तक्रारखिडकी पहिल्या दिवशी उघडू नका. आधी साधारण सहा महिने संस्थांना भेटी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि तक्रार हाताळायची पद्धत यांत जाऊ द्या. घाईने उघडलेल्या कार्यालयांवर पहिल्यांदा येऊन आदळतात ती घटस्फोटातल्या ताब्याची भांडणे, आणि ती मोठ्यांची असतात. नियम सुरुवातीलाच छापून टाका: न्यायालयात असलेल्या वादाचा निवाडा आम्ही करत नाही, मुलाचे म्हणणे ऐकले गेले की नाही, एवढेच पाहतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचे कलम १२ मुलाला म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क देते.

तक्रार घेण्याची पद्धत बारीक तपशिलांवर टिकते किंवा फसते. बालगृहातला फोन अधीक्षकाच्या टेबलावर असेल, तर मोफत क्रमांकाचा उपयोग शून्य; फोन कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी हवा. आयुक्ताला लिहिलेले पत्र उघडायला कायद्यातच मनाई करा. मुलाने संपर्क केला, की नावगाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: आत्ता तू सुरक्षित आहेस का, आम्ही परत कसे बोलायचे, आणि कोणत्या वेळी बोललेले चालेल. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: कार्यालयाचे नाव छापलेला लिफाफा घरी जातो आणि तो उघडतो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच. म्हणून पाकीट कोरे, आणि पत्र पाठवायचेच असेल तर मुलाने सांगितलेल्या पत्त्यावर. ‘हे कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र कधीच देऊ नका. जिवाला धोका असेल तर पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे लागते, हे मुलाने बोलायला सुरुवात करण्याआधी सोप्या शब्दांत सांगा.

निकालाचे पत्र मुलाला समजेल असे, एका पानाचे असावे. वार्षिक अहवाल थेट संसदेत मांडावा, त्याची तारीख कायद्यात असावी आणि मुलांसाठी वेगळी आवृत्ती त्याच दिवशी निघावी. अहवालात कोणत्या खात्याला किती शिफारशी गेल्या, किती मान्य झाल्या आणि किती बाकी आहेत, हा तक्ता पहिल्या पानावर घ्या. पत्रकार तेच वाचतात.

राहिले एक कलम, जे मसुद्यात बहुधा विसरले जाते. नको असलेला आयुक्त काढता येत नाही, म्हणून मुदत संपल्यावर पद रिकामेच ठेवायचे, ही सरकारांची सोयीची युक्ती आहे. निवडीची प्रक्रिया मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू झालीच पाहिजे आणि नवा आयुक्त येईपर्यंत उपायुक्त पूर्ण अधिकारांनिशी काम पाहील, अशी दोन वाक्ये घाला.