आत्मकथनावरचा चित्रपट फसला, तर त्याचे परीक्षण कसे लिहावे

गाजलेल्या आत्मकथनावरचा चित्रपट पाहून निराशा झाली की परीक्षणात ‘मूळ पुस्तकाची सर नाही’ हे वाक्य हमखास येते. ते बहुतेक वेळा खरेही असते, पण त्याने वाचकाच्या पदरात काही पडत नाही. पुस्तक न वाचलेल्याला त्यातून काही कळत नाही आणि वाचलेल्याला ते आधीच ठाऊक असते. पुस्तकातले नेमके काय पडद्यावर पोचले नाही आणि ते पोचवणे शक्य तरी होते का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच असे परीक्षण वाचण्याजोगे होते. ती कशी शोधावीत हे एका उदाहरणावरून सांगतो. फ्रँक मॅकोर्ट यांचे ‘अँजेलाज ॲशेस’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, १९९७ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९९ मध्ये ॲलन पार्कर यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातले १९३० आणि १९४० च्या दशकांतले दारिद्र्य, दारुडा बाप, अगदी लहानपणीच दगावलेली भावंडे आणि या सगळ्यातून वाट काढणारा थोरला मुलगा असा त्याचा विषय आहे. हे उदाहरण अशासाठी घेतले, की चित्रपटाने पुस्तकाशी बेइमानी केलेली नाही. बहुतेक मोठे प्रसंग त्यात आहेत, नट उत्तम आहेत, खर्चात हात आखडलेला दिसत नाही; तरीही पुस्तक वाचताना जो खळखळून हसतो तो चित्रपट पाहताना क्वचितच हसतो.

चित्रपट पाहून झाल्यावर पहिले काम म्हणजे पुस्तक उघडण्याचा मोह आवरणे. जे आठवते ते आधी कागदावर उतरवावे : कोणते चेहरे, कोणते संवाद, कोणते रंग, कंटाळा कोठे आला. या चित्रपटाच्या बाबतीत यादीत सगळ्यात वर पाऊस येतो. पाणी साचलेल्या गल्ल्या, ओले कोट, करडे आभाळ आणि त्यावर जॉन विल्यम्स यांचे संथ, खिन्न संगीत एवढे डोळ्यांसमोर राहते. मुलाच्या तोंडचे एखादे वाक्य आठवते का, हेही स्वतःला विचारावे, कारण पुढचा शोध कोणत्या दिशेने जायचा ते बरेचसे त्या उत्तरावर ठरते. पुस्तक आधी उघडले तर आठवण आणि वाचन यांची सरमिसळ होते आणि हाती उरते ती गाळलेल्या प्रसंगांची जंत्री. अशी जंत्री देणे सोपे असते, म्हणूनच निम्मी परीक्षणे तिच्यावर भागतात. साडेतीनशेहून अधिक पानांचे पुस्तक अडीच तासांच्या आत बसवायचे तर कात्री लागणारच. तिच्याबद्दल तक्रार करण्यात हशील नाही.

त्यानंतर पुस्तकाची पहिली वीस-पंचवीस पाने सावकाश वाचावीत आणि गोष्ट काय आहे यापेक्षा ती कोण सांगतो आहे, किती वयाचा होऊन सांगतो आहे, कोणत्या काळातली क्रियापदे वापरतो आहे याकडे लक्ष द्यावे. मॅकोर्ट यांची सुरुवातीची पाने प्रौढ माणसाची आहेत. भूतकाळात, तिरकस सुरात, आयरिश कॅथलिक बालपण हे सगळ्या दुःखी बालपणांत कसे अव्वल ठरते याची ते थट्टा करतात. पुढे ब्रुकलिनमधल्या एका मैदानात तीन वर्षांचा फ्रँक आणि त्याचा दोन वर्षांचा भाऊ मलाकी सी-सॉवर बसलेले दिसतात, आणि तेथे क्रियापदे अचानक वर्तमानकाळात येतात. तेथून पुढे सांगणारा त्या मुलाच्या डोक्यात जाऊन बसतो आणि मुलाबरोबर वाढत जातो. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, त्यामुळे मोठी माणसे काय बोलली आणि मुलाला त्यातून काय उमगले हे एकाच प्रवाहात येते. हे आपसूक सुचलेले नव्हे. मॅकोर्ट यांनी न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये अनेक वर्षे शिकवले, आणि पुस्तक आले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. तीन वर्षांच्या मुलाचा तो आवाज साठी उलटलेल्या लेखकाने घडवलेला आहे. उलट चित्रपटातले निवेदन मागे वळून पाहणाऱ्या प्रौढ पुरुषाचे आहे. म्हणजे पुस्तकाने पहिल्या काही पानांत वापरून सोडून दिलेला सूर चित्रपटाने अखेरपर्यंत लावून धरला. परीक्षणाचा मुख्य मुद्दा अशा एखाद्या निरीक्षणातून हाती लागतो, आणि तो लागेपर्यंत लिहायला बसू नये.

मुद्दा हाती लागला की तो एकाच प्रसंगावर घासून पाहावा. दहा प्रसंगांचा ओझरता उल्लेख करण्यापेक्षा एक प्रसंग बारकाईने उलगडणे केव्हाही चांगले. पुस्तकात फ्रँक उपाशी असताना त्याच्या मामाने खाऊन टाकलेल्या मासे-बटाट्यांचा तेलकट कागद त्याच्या हाती येतो. तो कागद वर्तमानपत्राचा असतो. फ्रँक आधी पहिल्या पानावरच्या जाहिराती चाटतो, मग मथळे चाटतो, मग पॅटन आणि माँटगोमेरी या सेनापतींच्या चढाया चाटतो, आणि असे करत करत महायुद्धाच्या बातम्यांसकट सगळे पान फस्त करतो. यादी लांबत जाते तसे हसू येते, आणि हसता हसता पोटात कालवतेही. आता हाच प्रसंग कॅमेऱ्यापुढे ठेवून पाहावा. दिग्दर्शक कितीही प्रामाणिक असला तरी प्रेक्षकाला दिसणार तो कागद चाटणारा भुकेला मुलगा, आणि त्याच्या मनात येणार ती कीव. बातम्या चाटण्याची गंमत मथळ्यांच्या शब्दांत आहे, ते शब्द मुलगा स्वतः सांगतो आहे म्हणून ती आहे; मुलगा सांगणारा उरला नाही की फक्त भूक उरते.

बापाच्या बाबतीत हे आणखी ठळक होते. मुलगा म्हणतो की त्याचे वडील ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रैक्यासारखे आहेत, एकात तिघे : सकाळी वर्तमानपत्र वाचणारा, रात्री गोष्टी सांगून प्रार्थना म्हणवून घेणारा, आणि दारूचा भपकारा घेऊन घरी येणारा, आयर्लंडसाठी मरायला तयार आहात ना म्हणून पोरांना विचारणारा. रॉबर्ट कार्लाइल यांनी या माणसाच्या सगळ्या छटा मन लावून साकारल्या आहेत, आणि परीक्षणात त्याची दाद दिलीच पाहिजे. पण नट तीन मनःस्थिती दाखवू शकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली कल्पना बापाला लावून त्याला क्षमा करून टाकण्याची युक्ती मुलाच्या डोक्यातली आहे.

आपल्या मुद्द्याला छेद देणारा प्रसंगही मुद्दाम शोधावा, नाहीतर परीक्षण वकिली थाटाचे होते. पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कॅथलिक श्रद्धेनुसार ख्रिस्ताचे शरीर झालेली भाकर, घेऊन आल्यावर फ्रँक आजीच्या परसात ओकतो, आणि आपल्या परसात आता देव पडला आहे म्हणून आजी गहजब करते. ती त्याला धर्मगुरूकडे कन्फेशनला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, पिटाळते. पाण्याने धुऊन टाक, असे उत्तर घेऊन तो आला की साध्या पाण्याने की चर्चमधल्या पवित्र पाण्याने, हे विचारायला ती त्याला पुन्हा धाडते. हा प्रसंग चित्रपटात चांगला रंगला आहे, कारण त्यातला विनोद संवादांत आणि येरझाऱ्यांत आहे आणि ते दोन्ही कॅमेऱ्याला पकडता येते. यावरून असेही लक्षात येते, की पार्कर यांना विनोदाचे वावडे नव्हते. जेथे विनोद घटनेत होता तेथे तो पोचला आणि जेथे सांगण्यात होता तेथे निसटला. परीक्षणातले विधान इतके नेमके झाले की मग ‘चित्रपट रटाळ आहे’ असे लिहिण्याची गरज पडत नाही.

मराठी वाचकासाठी लिहिताना येथे ‘श्यामची आई’ची आठवण करून देणे गैर नाही. साने गुरुजींच्या पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो. सांगणारा प्रौढ आहे, कृतज्ञ आहे, त्याचे डोळे भरून येतात. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटात तोच भाव पडद्यावर सरळ उतरला, कारण पुस्तकाचा सूर आणि पडद्यावरचे अश्रू एकाच दिशेचे होते. मॅकोर्ट यांच्या पुस्तकात घटना रडवणाऱ्या आणि सूर खट्याळ अशी उलटी जोडी आहे. म्हणून आत्मकथन पडद्यावर येऊच शकत नाही, असे सरसकट विधान करू नये.

मग दृश्यांकडे वळावे. लिमरिकमधल्या जुन्या झोपडवस्तीच्या गल्ल्या केव्हाच पाडल्या गेल्या होत्या, म्हणून चित्रपटासाठी त्या डब्लिनमध्ये उभाराव्या लागल्या. काम चोख आहे, ओल जवळजवळ नाकाला जाणवते. मात्र पुस्तकात पावसाळी हिवाळ्यात खालची खोली पाण्याखाली गेली की कुटुंब वरच्या कोरड्या, उबदार खोलीत मुक्काम हलवते आणि तिला ‘इटली’ म्हणते. वस्तीभरचा एकच संडास त्यांच्या दाराला लागून आहे, त्याची दुर्गंधी घरात येते, आणि तरीही वर इटली आहे. चित्रपटात पाऊस दिसतो त्या प्रमाणात इटली जाणवत नाही. फ्रँकच्या तीन वयांसाठी तीन मुले घेतली आहेत. तिघेही गुणी आहेत, पण पुस्तकातला आवाज सांधा न दाखवता मोठा होतो, तर येथे चेहरा बदलला की प्रेक्षकाला ओळख नव्याने करून घ्यावी लागते. संगीताविषयी एखादे वाक्य पुरे : ते सुंदर आहे, त्याला ऑस्करचे नामांकनही होते, आणि विनोदाला ते फारशी जागा देत नाही.

खरेखोटेपणाच्या वादात मात्र किती शिरायचे ते आधीच ठरवावे. पुस्तक आल्यावर लिमरिकमधल्या अनेकांनी शहराची बदनामी झाल्याची तक्रार केली, गरिबी फुगवून सांगितल्याचा आरोप केला. वाद खरा आहे, पण चित्रपट का फसला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याला एका परिच्छेदाहून जास्त जागा देऊ नये. त्याहून महत्त्वाचे हे, की ज्यांच्याबद्दल लिहितो ती माणसे होऊन गेलेली आहेत. मार्गारेट, ऑलिव्हर आणि युजीन ही फ्रँकची भावंडे खरी मुले होती आणि ती खरोखर दगावली. त्यांचे मरण ‘प्रभावी दृश्य’ म्हणून मोजताना हात थोडा आखडावा. हृदयद्रावक, काळीज पिळवटणारे, सुन्न करणारे ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात आली तर येऊ द्यावीत, दुसऱ्या खर्ड्यात खोडावीत आणि त्या जागी दृश्यात काय दिसते ते लिहावे.

लिहिताना कथासार चार-पाच वाक्यांत उरकावे, मुख्य मुद्दा पहिल्या दोन परिच्छेदांत सांगून टाकावा आणि निकाल शेवटपर्यंत दडवून ठेवू नये. एमिली वॉटसन यांची आई, कार्लाइल यांचा बाप आणि नेपथ्य यांचे श्रेय स्पष्ट द्यावे, नाहीतर निराशेचा राग नको त्यांच्यावर निघतो. ज्याने दोन्हींपैकी काहीच पाहिले-वाचले नाही त्याला क्रमही सांगावा. या बाबतीत माझे मत असे की चित्रपट आधी पाहावा, म्हणजे गल्ली, खोली, कपडे डोळ्यांसमोर येतात आणि नंतर पुस्तक वाचताना त्या चित्रांवर मुलाचा आवाज चढतो. उलट क्रमाने गेल्यास चित्रपटाचा अडीच तासांचा पाऊस फार लांब वाटतो. इंग्रजी ऐकण्याची सवय असलेल्यांना मॅकोर्ट यांनी स्वतः वाचलेली ध्वनिमुद्रित आवृत्ती सुचवावी. चित्रपटात निवेदकाचा सूर कोठे वेगळा लागला हे तिच्यातली पाच-दहा मिनिटे ऐकली तरी कळते.