फार्मसी फर्स्ट : फार्मासिस्टकडे जाताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये 'फार्मसी फर्स्ट' या योजनेत ३१ जानेवारी २०२४ पासून सात दुखण्यांसाठी जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट न घेता थेट फार्मसीत जाता येतं, आणि गरज असेल तर फार्मासिस्टच अँटिबायोटिक देतो. घसादुखी, सायनस, मुलांचा कान, किडा चावून पिकलेली जागा, इम्पेटिगो (त्वचेवर खपल्या धरणारा संसर्ग), नागीण आणि बायकांची लघवीची जळजळ, ही ती सात. तपासणी फुकट असते. औषधाला, सूट नसेल तर, मे २०२४ पासून दर आयटममागे ९.९० पौंड पडतात.

मात्र फार्मासिस्ट आपल्या मनाने औषध देत नाही. प्रत्येक दुखण्याला वय, दिवस आणि लक्षणं यांची आखून दिलेली चौकट असते. दिवस न मोजल्यामुळे फेरी वाया जाऊ शकते.

पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मागणं

घशासाठी (वय ५ पासून) पाच प्रश्नांचा हिशेब असतो. गेल्या २४ तासांत ताप होता का, टॉन्सिलवर पू आहे का, ते खूप सुजलेत का, त्रास सुरू होऊन तीन दिवसांच्या आत आलात का, आणि खोकला-सर्दी नाही ना? प्रत्येकाला एक गुण. शून्य किंवा एक आला तर अँटिबायोटिक नाही. चार-पाच असतील आणि त्रासही जास्त असेल, तर पेनिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स मिळू शकतो. म्हणजे नाक वाहतंय आणि खोकलाही आहे, तर अँटिबायोटिक मिळण्याची शक्यता कमीच. सायनसला (वय १२ पासून) दहा दिवस व्हायच्या आत गेलात तर वेदनाशामक आणि सल्ला एवढंच. दहा दिवसांनंतरही आधी साधारणपणे नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे, १४ दिवस.

भारतातून आणलेल्या पट्टीतल्या दोन गोळ्या आधीच घेऊन जाणं ही याच चुकीची जुळी बहीण. घेतल्या असतील तर लपवू नका, पट्टीच दाखवा. (चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायला तिथेही बंदीच आहे, पण ते असो.)

नागिणीला उशीर करणं

इथे हिशेब उलटा आहे. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात. त्यानंतर फार्मासिस्ट ठरावीक रुग्णांनाच औषध देऊ शकतो, आणि तेही सातव्या दिवसापर्यंत. आपल्याकडे हे तीन दिवस गेरूचा लेप लावण्यात आणि गावाकडे फोन करण्यात जातात. 'नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की संपलं' ही भीती तर घरोघरी. खरं तर नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते, म्हणून ती सहसा शरीराच्या एकाच बाजूला असते आणि मध्यरेषेपाशी थांबते. पुरळाच्या आधी एक-दोन दिवस त्या जागी नुसतीच आग किंवा टोचणी होते, तेव्हाच सावध व्हा. फार्मसीत (वय १८ पासून) सहसा असायक्लोव्हिर मिळतं, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मोबाइलवर पाच गजर लावा, कारण दुपारचा डोस हमखास चुकतो.

पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर फार्मसीत थांबू नका. डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उन्हाळी लागली, म्हणून सगळेच उपाय एकदम

लघवीची सेवा १६ ते ६४ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांसाठीच आहे. पुरुष, ६५ च्या पुढच्या आई-सासूबाई, आणि सहा महिन्यांत दुसऱ्यांदा किंवा वर्षात तिसऱ्यांदा त्रास झालेल्या बायकांनी जीपीकडे जावं. जळजळ, रात्री नव्याने लघवीला उठावं लागणं आणि गढूळ लघवी, यांपैकी दोन लक्षणं असतील तर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक मिळतं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. ते जेवणाबरोबर घ्या. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका.

खरी गडबड पुढेच. जळजळ थांबावी म्हणून काउंटरवरून घेतलेली सायट्रेटची पाकिटं सोबत चालूच ठेवली जातात. ती लघवी अल्कधर्मी करतात आणि त्यामुळे नायट्रोफ्युरँटॉइनचा असर कमी होतो. गोळी सुरू केली की पाकिटं बंद. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची कमतरता (रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा आनुवंशिक दोष) असेल तर तेही आधीच सांगा. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी जीपी, नाहीतर १११ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन.

फोन न करता मुलाला घेऊन जाणं

कानाची तपासणी १ ते १७ वयासाठी आहे, आणि ओटोस्कोपने (कानात पाहायच्या उपकरणाने) पडदा पाहिल्याशिवाय होत नाही. प्रशिक्षित फार्मासिस्ट त्या वेळी दुकानात आहे का, हे आधी विचारा. नाकाखाली मधासारखी पिवळी खपली (इम्पेटिगो) असेल तर एक-दोन जागांना सहसा मलमच मिळतं. खपल्या सुकेपर्यंत, किंवा अँटिबायोटिक सुरू करून ४८ तास होईपर्यंत, मुलाला शाळेत पाठवू नका.

किडा चावून उठलेली गांधी म्हणजेच संसर्ग समजणं

किडा चावल्यावर पहिल्या ४८ तासांतली सूज-खाज बहुतेक वेळा ॲलर्जीची असते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून पाहा : जागा गरम आहे का, घट्ट आहे का, दुखणं वाढतंय का? बॉलपेनने सुजेची कड आखा, बाजूला वेळ लिहा आणि फोटो काढा. सूज रेघेबाहेर सरकली तर तो फोटो घेऊनच फार्मसीत जा.