मेंदूतला रक्तस्राव आणि कर्क्युमिन: प्रयोगात काय तपासावं

प्राण्यांवरच्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनसारख्या वनस्पतिजन्य संयुगाने मेंदूची इजा कमी झाली असं वाचलं, की आधी मात्रेची वेळ पाहा. रक्तस्रावाआधी दिलेलं औषध रुग्णाच्या कामाचं नाही. झटका सांगून येत नाही. मग औषध दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत सुरुवातीची रक्ताची गुठळी सारख्याच आकाराची होती का ते बघा. गुठळी लहान असली की सूजही कमी, आणि श्रेय फुकट औषधाला.

सूज, म्हणजे मेंदूतलं पाणी, मोजायला प्राण्याच्या मेंदूचा तुकडा काढल्याकाढल्या तोला, १०० अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा, पुन्हा तोला. वजनातली घट भागिले ओलं वजन, गुणिले १००. तोलायला उशीर झाला तर ओलावा उडतो, आकडा खोटा कमी येतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते ज्या द्रावकात विरघळवून देतात, नुसता तो द्रावक दिलेला गट हवाच.

यावरून रुग्णाला मनाने गोळ्या मात्र सुरू करू नका; कर्क्युमिनमुळे प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तकणिकांचं, काम मंदावू शकतं.