नवा कर्नल कम्पाइल केल्यानंतर बूट लोडरच्या या चुका टाळा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, कम्पाइल करताना (मूळ कोडपासून तयार करताना) 'मेक' ही आज्ञा कोणतीही तक्रार न करता संपली की काम फत्ते झाल्यासारखे वाटते, आणि खरी गडबड बहुधा तिथूनच सुरू होते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर एक तर जुनाच कर्नल चालू झालेला दिसतो, नाही तर पडद्यावर 'कर्नल पॅनिक', म्हणजे कर्नल पुढे जाऊ न शकल्याने थांबल्याचा संदेश, उमटतो. मग दोष कॉन्फिगरेशनमधल्या एखाद्या पर्यायावर ढकलला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा कर्नल निर्दोष असतो. कर्नलची फाइल, त्याची मॉड्यूल्स (गरजेनुसार जोडले जाणारे ड्रायव्हर वगैरे भाग), इनिटरॅमएफएस (खरी डिस्क सापडेपर्यंत मेमरीत चालणारी छोटी प्रणाली) आणि बूट लोडरमधील (यंत्र सुरू होताच कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅममधील) नोंद या चौघांपैकी एखाद्याची आवृत्ती इतरांशी जुळत नसते, एवढेच.

पहिली चूक क्रमाची आहे. 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आधी आणि 'मेक इन्स्टॉल' नंतर, हा क्रम उलटा करू नये. दुसरी आज्ञा कर्नल आणि त्याचे कॉन्फिगरेशन '/बूट' मध्ये ठेवते. डेबियन किंवा फेडोरासारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) त्याच वेळी इनिटरॅमएफएसही तयार होते, आणि त्यात भरायची मॉड्यूल्स '/लिब/मॉड्यूल्स' मधून घेतली जातात. ती तेथे अजून पोहोचलेलीच नसतील, तर डिस्कचा ड्रायव्हर नसलेली इनिटरॅमएफएस तयार होते आणि बिघाड पुढच्या बूटपर्यंत लपून राहतो.

बूट अडल्यावर पडद्यावरचा मजकूर नीट वाचावा, कारण त्यातच निदान असते. 'अननोन-ब्लॉक(0,0)' असे लिहून पॅनिक आले, तर कर्नलला रूट डिस्क, म्हणजे मुख्य प्रणाली असलेली डिस्क, मुळीच सापडलेली नाही, म्हणजे बहुधा इनिटरॅमएफएसच त्याच्या हाती पडलेली नाही, असे समजावे. बूट लोडरच्या नोंदीत 'इनिटआरडी' ही ओळ नसणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण सहज लक्षात येत नाही: इनिटरॅमएफएस झेडस्टँडर्ड पद्धतीने आकुंचित केलेली असते आणि कॉन्फिगरेशन 'हलके' करण्याच्या नादात ती उलगडण्याची सोय आपणच कर्नलमधून काढून टाकलेली असते. याउलट, पॅनिक न येता इनिटरॅमएफएसचे छोटे शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) उघडले, तर इनिटरॅमएफएस मिळाली आहे, परंतु आतमध्ये आवश्यक ड्रायव्हर नाही किंवा रूटचा पत्ता चुकलेला आहे, असा अर्थ घ्यावा.

याच संदर्भात एक बारकावा सांगितला पाहिजे. सर्व ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून इनिटरॅमएफएस टाळणारे अनेक जण 'रूट=यूयूआयडी=' ही जुनी ओळ तशीच ठेवतात आणि अडकतात. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (तिचा एकमेव ओळखक्रमांक) शोधण्याचे काम कर्नल करत नाही, ते इनिटरॅमएफएसमधील साधने करतात. कर्नलला स्वतःला समजतो तो विभाजनाचा ओळखक्रमांक, म्हणजे पार्टयूयूआयडी. 'एसडीए', 'एसडीबी' ही डिस्कची नावे मात्र दोन्ही परिस्थितींत टाळावीत, कारण डिस्क सापडण्याचा क्रम बदलला की ती बदलतात.

'/बूट' स्वतंत्र विभाजनावर असेल, तर ते माउंट झाले आहे ना, म्हणजे प्रणालीला जोडले गेले आहे ना, हे आधी पाहावे. ही चूक मी स्वतः केली आहे: नवा कर्नल रूट डिस्कवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत जाऊन बसला, पुढच्या वेळी खरे विभाजन माउंट होताच तो त्याखाली झाकला गेला, आणि चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी 'यूनेम -आर' ही आज्ञा जुनाच क्रमांक दाखवत असल्याने मी तीन वेळा विनाकारण कम्पाइल केले. विभाजन माउंट असूनही भरून गेले, तर इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिली जाते. डीबगची माहिती असलेली मॉड्यूल्स फार जागा खातात; मॉड्यूल्स बसवताना 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=1' दिल्यास आकार पुष्कळ घटतो.

आता बूट लोडरकडे वळू. पूर्वीचा लिलो हा बूट लोडर कर्नलची फाइल डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांवर आहे याचा नकाशा जपून ठेवत असे, त्यामुळे कर्नल बदलल्यावर 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवायची राहिली की यंत्र उठत नसे. आजचा ग्रब हा बूट लोडर फाइल सिस्टिम वाचू शकतो, म्हणून तो धोका गेला, पण त्याची मेनूची फाइल 'ग्रब.सीएफजी' हाताने बदलण्याची सवय काही गेली नाही. ती फाइल 'ग्रब-एमकेकॉन्फिग' तयार करते आणि पुढच्या खेपेस तुमचे बदल पुसून टाकते. बदल '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' मध्ये करावेत आणि मग फाइल नव्याने तयार करावी.

मूळ निवड, म्हणजे आपोआप चालू होणारी नोंद, क्रमांकाने ठरवणे हीही तशीच फसवी गोष्ट आहे. यादी आवृत्तीनुसार लागते, त्यामुळे नवा कर्नल आला की खालच्या नोंदींचे क्रमांक सरकतात. शिवाय वितरणाचा 6.8 बसलेला असताना तुम्ही 6.6 कम्पाइल केला असेल, तर तो पहिल्या जागी येणारच नाही. क्रमांकाऐवजी नोंदीची ओळख लिहावी.

त्याहून चांगले म्हणजे नव्या कर्नलला लगेच मूळ निवड न करता एकदाच चालवून पाहावे. 'ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड' ठेवून 'ग्रब-रीबूट' ने नवी नोंद फक्त पुढच्या बूटसाठी निवडावी आणि कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=30' जोडावे, म्हणजे पॅनिक आल्यास 30 सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊन जुन्या कर्नलवर परत येते. दूरच्या सर्व्हरवर याला पर्याय नाही असे माझे मत आहे. मात्र '/बूट' एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतींवर) असेल, तर ग्रबला ही एकदाची निवड पुसता येत नाही आणि 'एकदाच' म्हणून निवडलेला कर्नल वारंवार चालू होत राहतो.

या सगळ्यासाठी जुना कर्नल शाबूत असला पाहिजे. त्याच आवृत्तीचा कर्नल पुन्हा कम्पाइल करताना 'लोकलव्हर्जन' मध्ये वेगळे शेपूट जोडले नाही, तर नवी मॉड्यूल्स जुन्यांच्या जागी बसतात, आणि '.ओल्ड' नावाने राखलेल्या कर्नलला त्याची स्वतःची मॉड्यूल्स उरत नाहीत.

सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर स्वतः कम्पाइल केलेला, स्वाक्षरी नसलेला कर्नल नाकारला जातो. त्यावर आपल्या किल्लीने स्वाक्षरी करून ती किल्ली 'मोकयूटिल' ने नोंदवावी लागते.

नवा कर्नल काही दिवस नीट चालल्यावर जुना काढायचा झाल्यास केवळ 'व्हीएमलिनझ' ही कर्नलची फाइल पुसू नये. त्याची इनिटरॅमएफएस आणि '/लिब/मॉड्यूल्स' मधील डिरेक्टरीही काढावी, आणि लगेच ग्रबची फाइल नव्याने तयार करावी. नाही तर मेनूमध्ये अस्तित्वात नसलेल्या कर्नलची नोंद तशीच राहते.