मध्ययुगीन इस्लामी झिलईच्या खापरांची तपासणी : या चुका टाळा

हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) इराणमधल्या काशानच्या किंवा सीरियातल्या रक्काच्या खापराला टेकवलं की मिनिटभरात मूलद्रव्यांची यादी मिळते. ही यादी म्हणजेच झिलईची कृती, असं मानण्यापासून बहुतेक चुका सुरू होतात.

इराक, इराण, सीरियातल्या अल्कली झिलईत वनस्पतींच्या राखेतला सोडिअम मुख्य असतो. त्याचे क्ष-किरण फक्त १.०४ केईव्हीचे (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), म्हणजे कमजोर, ते हवेतच शोषले जातात. यंत्राला सोडिअम दिसला नाही, म्हणजे तो नाही असं अजिबात नाही.

त्यात खापर शेकडो वर्षं जमिनीत पुरलेलं. पाणी झिलईतला सोडिअम आणि पोटॅशिअम ओढून नेतं, मागे सिलिकाचे पातळ थर उरतात आणि ते इंद्रधनुष्यासारखे चमकतात. या चमकेला लस्टर, म्हणजे झिलईवरची धातूसारखी चमकणारी सजावट, समजू नका. खरं लस्टर म्हणजे झिलईच्या अगदी वरच्या भागातले चांदी-तांब्याचे नॅनोकण. शंका असेल तर तुटलेल्या कडेचा लहानसा काप घासून-पुसून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मोजणी झिलईच्या मधल्या भागात घ्या. वरचा झिजलेला थर आणि खापराला चिकटलेला खालचा थर, दोन्ही सोडा. इलेक्ट्रॉनचा झोत एका बिंदूवर रोखू नका, सोडिअम तिथून सरकतो आणि आकडा कमी येतो.

कोबाल्टच्या निळ्या रंगात आर्सेनिक सापडलं की खाणीबद्दल निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण शिशाची एक रेषा (त्याच्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांची खूण) १०.५५ केईव्हीला आणि आर्सेनिकची १०.५४ला. झिलईत शिसं असेल तर यंत्र नसलेलं आर्सेनिकही छापतं. आर्सेनिकची ११.७३ केईव्हीची दुसरी रेषा स्पष्ट दिसल्याशिवाय आर्सेनिक लिहू नका.

शिशाचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे शिशाचे अणू) खाणीकडे बोट दाखवतात, भट्टीकडे नाही, कारण शिसं व्यापारात फिरायचं. आपल्या चौलला फिरोजी झिलईची खापरं मिळाली आहेत. अशी खापरं कुठं घडली हे शोधायचं असेल तर झिलईपेक्षा आतल्या मातीचा पातळ छेद जास्त सांगतो.

काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली भांड्याच्या मातीसाठी दहा भाग गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती असं प्रमाण लिहून ठेवलं. हा मजकूर अनमोल आहे, पण तो काशानचा. रक्काच्या खापरांना ते प्रमाण जबरदस्तीने लावू नका.

संग्रहालयातलं भांडं असेल तर आधी अतिनील दिव्याखाली धरा. जोडलेले, रंगवलेले तुकडे वेगळे चमकतात. एखाद्या पांढऱ्या भागात टायटॅनियम अचानक वाढलेलं दिसलं, तर तो विसाव्या शतकातल्या डागडुजीचा रंग असू शकतो. तिथली मोजणी बाजूला ठेवा.