३०१८ सीएनसीची गॅन्ट्री २० मिमी उचलायची तर

३०१८ हे टेबलावर मावणारं, संगणकाच्या आज्ञेवर चालणारं छोटं कोरीवकामाचं यंत्र. त्याची गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) धरणारी उभी चौकट, उचलल्यावर टेबल आणि टूल यांच्यामधली जागा वाढते, झेडची, म्हणजे टूलची वर-खाली होण्याची, चाल मात्र तेवढीच राहते. ३०१८ मध्ये ती साधारण ४५ मिमी असते. आज टूल टेबलाला जेमतेम टेकत असेल, तर नंतर ते २० मिमी वरच थांबेल आणि पातळ कामासाठी १८ मिमी प्लायचा, काढता येणारा पाट खाली घालावा लागेल. म्हणून आधी स्पिंडलचा क्लॅम्प सैल करून मोटर वर सरकवून बघा. तेवढ्यात भागलं तर बाकी काही खोलू नका.

उभ्या प्लेटा खालच्या प्रोफाइलला बाहेरून बोल्टनं बसत असतील, तर त्या प्रोफाइलवरच २०२० चा (२० × २० मिमी, खाचा असलेल्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा) तुकडा चढवणं सगळ्यांत भक्कम. पीएलएचे (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकचे) छापील ठोकळे नकोत. बोल्टच्या दाबाखाली ते हळूहळू दबतात. एकाच बारमधून १५० मिमीचे दोन तुकडे कापा आणि खाचेच्या मधोमध ५.५ मिमीची तीन-तीन आरपार भोकं पाडा. भोकांच्या कडेला उरलेली धातूची बर नीट घासून काढा, नाहीतर तुकडा सपाट बसणार नाही.

जोडायला १ मिमी वॉशर, एम५ × २५ ॲलन बोल्ट आणि टी-नट (प्रोफाइलच्या खाचेत अडकणारा नट). इथं ३० मिमीचा बोल्ट घेतला की तो खालच्या खाचेच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण तुकडा डुलतच राहतो. प्लेटेला बोल्टच्या दोन ओळी असतील आणि खालचं प्रोफाइल २०४० असेल, तर वरची ओळ नव्या तुकड्यात आणि खालची जुन्याच्या वरच्या खाचेत येते. ही जोडणी फार चांगली.

वायरी बंद यंत्रावरच तपासा: स्पिंडल गॅन्ट्रीवर आडवा दोन्ही टोकांना नेऊन, झेड वर-खाली करून. चालू असताना स्टेपर मोटरचा कनेक्टर निसटला तर ती चालवणारा ड्रायव्हर जळू शकतो.

मग १०० मिमीचा चौकोन कोरून कर्ण मोजा. फरक आला तर एका बाजूची प्लेट किंचित पुढे-मागे सरकवा. स्पिंडल पुढे-मागे झुकलेला असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी शिम (फटीत घालायची पातळ चकती) म्हणून चालते; ती साधारण ०.१ मिमी जाड असते.

उंच गॅन्ट्री जास्त वाकते, त्यामुळे जुने फीड (कापताना टूल सरकण्याचा वेग) तसेच वापरू नका. मऊ लाकडात ३ मिमी टूलनं ०.५ मिमी खोलीपासून सुरुवात करा. कडेला लहरी उमटल्या तर आधी बोल्ट तपासा, मग फीड कमी करा.