अल्बम रेकॉर्ड करताना बँड फुटू नये म्हणून काय काय करायचं

इंदूरला आमचा पाच जणांचा मराठी बँड आहे, अभंग-भजनं गिटार-ड्रमवर वाजवतो, आणि पहिला अल्बम करताना दुसऱ्याच गाण्याला असे भांडलो की ड्रमर चार दिवस फोन उचलेना. मुद्दा काय तर टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग! गायक म्हणे मिनिटाला ९२ ठोके, गिटारवाला म्हणे ९८. स्टुडिओचं मीटर तासावर चालू, इंजिनिअर बिचारा मोबाइल बघत बसलेला. पैसे देऊन भांडलो भिया, म्हणून हे लिहितोय.

तर आधी हे करा. टेम्पो, स्केल, मुखडा किती वेळा, सोलो किती आवर्तनांचा, हे स्टुडिओत ठरवायचंच नाही, घरी क्लिक (ठरलेल्या वेगाने वाजणारी टिकटिक) लावून मोबाइलवर दोन-तीन टेम्पोंत कच्चे डेमो करा आणि आठवडाभर ऐका. नंतर टेम्पो बदलला तर क्लिकवर वाजवलेलं सगळंच बदलतं. सॉफ्टवेअरने ताणता येतं हो, पण ड्रम जास्त ताणले की ठोक्याची धार जाते, आणि मग त्यावरून नवीन भांडण.

मतदान करू नका. हे मी ठासून सांगतो, कारण आम्ही केलं. पाच जणांत ३-२ झालं की हरलेले दोघं तोंड पाडून वाजवतात आणि ते रेकॉर्डिंगमधे चक्क ऐकू येतं. त्यापेक्षा दर गाण्याला एक जण मालक, बाकीच्यांनी हवं तेवढं बोलायचं पण त्या गाण्यात शेवटचा शब्द त्याचा. पुढच्या गाण्यात तुमची पाळी आहेच.

तरी अडलंच तर दोन्ही व्हर्जन वाजवून घ्या, वाद घालण्यापेक्षा वेळ कमी लागतो. मग इंजिनिअरला सांगा की फाइलींना नुसतं अ आणि ब नाव दे, आणि आवाजाची पातळी अगदी सारखी कर. ही पातळीची गोष्ट फार महत्त्वाची, कारण जे थोडं जोरात वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, एखाद-दोन डेसिबलचा फरक असला तरी. आमच्याकडे सगळ्यांना लांब सोलोवालं व्हर्जन आवडत होतं, पातळी सारखी केली तर गिटारवाल्यानेच दुसरं निवडलं, आणि वर म्हणतो मी तर आधीपासून हेच सांगत होतो. ऐकायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानाने. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवलीत तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मिक्सला, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवायला, सगळे जण गेले की संपलं, प्रत्येकाचं एकच, 'मला जरा वर घे'. एकानेच बसायचं, बाकीच्यांनी वेळ टाकून लिहून द्यायचं, '१:४२ ला बेस दबतोय' असं. 'मजा नाही येत' ही सूचना नव्हे. आणि दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच.

आता नाव आणि पैसा. खरं सांगू का, निम्मी 'क्रिएटिव्ह' भांडणं आतून हीच असतात. आपल्या कायद्यात शब्दांचा आणि संगीताचा हक्क वेगवेगळा, आणि रेकॉर्डिंगचा तिसराच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कुणा कंपनीला सोडून देता येत नाही. पण बेसची ती भारी ओळ कुणी काढली हे कागदावर नसेल तर नंतर सिद्ध करत बसा. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधीच एका पानावर टक्के लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडने १९८९ च्या अल्बमपासून गाणी एकेकाच्या नावावर न लावता सगळी बँडच्याच नावावर लावली, तसंही चालतं. आमच्यासारखं भजन करणार असाल तर अजून एक: तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही, पण तुम्हाला पाठ असलेली चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते आणि ती त्याच्या मरणानंतर ६० वर्षं सुरक्षित असते. 'पारंपरिक' लिहून मोकळं व्हायच्या आधी बघा.

एवढं करूनही कुणी उठून गेलाच, तर ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नका. ऑगस्ट १९६८ मधे बीटल्स बँडचा ड्रमर रिंगो स्टार रेकॉर्डिंग सोडून निघून गेला होता, जवळजवळ दोन आठवड्यांनी परत आला तर त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवलेला. आम्हाला फुलंबिलं सुचली नाहीत. आमचा ड्रमर वयाने मोठा, सगळे त्याला दादाच म्हणतात, मी एकटाच त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, 'दादा, सराफ्यात गराडू खायला चला ना.' (सराफा म्हणजे आमच्याकडची रात्रीची खाऊगल्ली, गराडू म्हणजे तळलेला कंद.) टेम्पोचं नावसुद्धा काढलं नाही. रात्रीचे अकरा, थंडी, दुसरी प्लेट संपता संपता तोच म्हणाला, 'ते दोघं भांडतात, वाजवायचं मला, एकदा तरी विचारलंत का रे?'

९५ वर वाजवलं त्याने. गराडूचे पैसे मात्र मीच दिले, गायक आणि गिटारवाल्याकडून अजून यायचेत.